दोनशेच्या वर पाणी

लिंबाचं झाड दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. असेननं कुंडी पोटाशी धरली होती, फांद्या त्याच्या तोंडावर येत होत्या, आणि वरच्या पायरीवरून नेव्याना दबक्या आवाजात "डावीकडे, अरे डावीकडे" करत होती. जिन्याच्या उघड्या खिडकीतून पॉपलरचा कापूस आत येत होता. मे संपत आला की बल्गेरियातल्या रूसे गावात आठ-दहा दिवस हे असंच चालतं. नदीकाठची सगळी झाडं जुन्या गाद्या उसवायला बसल्यासारखी कापूस सोडत राहतात. त्यातलाच एक पुंजका असेनच्या नाकावर येऊन बसला. दोन्ही हात कुंडीत गुंतलेले. तो शिंकला, आणि ती शिंक चारही मजले फिरून आली.

तळमजल्यावरचं दार उघडलं.

"कोण शिंकलं गं?" दोब्रिनाबाईंचा आवाज वर आला. "नेव्याना, तू शिंकलीस, की तुझं लिंबाचं झाड?"

नेव्यानानं डोळे मिटून घेतले. घरमालकीणबाईंचे गुडघे कधीच कामातून गेले होते, पण खिडकी आणि कान शाबूत होते. असेन हे झाड ट्रॉलीबसमधून उतरवून रस्ता ओलांडत होता, तेव्हाच त्यांनी ते पाहिलं असणार.

"मीच शिंकले, मावशी."

"मग तुझा आवाज फारच बसलाय. खाली ये जरा. एकटी ये. जावईबापूंना म्हणावं, झाडाला पाणी घाला तोवर."

असेन गालातल्या गालात हसला. छप्पन्न वर्षांचा ट्रॉलीबसचा ड्रायव्हर, केस पांढरे झालेले, आणि या वयात 'जावईबापू' ऐकून त्याचे कान लाल झाले. नेव्यानाला मात्र हसू आलं नाही.

गेले तीन महिने असेन या घरात असाच थोडा थोडा येत होता. आधी सपाता आल्या. मग दाढीचं सामान, मग अकॉर्डियनची पेटी, मग भाजलेल्या मिरच्यांच्या आठ बरण्या. दर रविवारी एक वस्तू, मांजराच्या पावलांनी. लिंबाचं झाड शेवटचं होतं. त्यानंतर उरणार होता तो असेनच. येत्या शनिवारी त्याला आपल्या जागेची किल्ली मुलीच्या हातात द्यायची होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि जागा त्यानं आपण होऊन तिला देऊ केली होती. इथे नाही जमलं, तर वार्नाला बहिणीकडे एक खोली रिकामी होती आणि तिथल्या आगारात त्याला नोकरीही मिळत होती. "जाईन की. तू रविवारी येत जा," असं तो हसून म्हणायचा. पण एक्कावन्न आणि छप्पन्न या वयांना आगगाडीतले चार तास म्हणजे काय, ते नेव्यानाला ठाऊक होतं. आधी दर रविवार, मग एक आड एक, मग सणासुदीला. तिला इथून हलणं शक्य नव्हतं. रोज सकाळी सात वाजता धक्क्यावर जाऊन दुनाव, म्हणजे डॅन्यूब, नदीचं पाणी किती सेंटिमीटर आहे ते मोजायचं, हे तिचं काम. सव्वीस वर्षांत तिनं ते एकदाही दुसऱ्यावर सोपवलं नव्हतं.

दोब्रिनाबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर भाडेकरार आधीच काढून ठेवलेला होता. त्यांनी चष्मा लावला आणि सातवं कलम मोठ्यानं वाचलं, जसं काही नेव्यानाला ते पाठ नव्हतं.

"'जागेत एक व्यक्ती राहील. अन्य कोणी राहावयाचे झाल्यास मालकाची लेखी संमती व इमारतीच्या वहीत नोंद आवश्यक.' अकरा वर्षांपूर्वी तू खाली सही केलीयेस. एक व्यक्ती. सपातांचे मात्र चार जोड."

"मावशी, मी विचारणारच होते."

"कधी? त्यानं खिडकीला पडदे लावल्यावर?" बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या आहेत की मजा बघताहेत, ते कळत नव्हतं. "माणूस चांगला आहे. जिन्यात भेटला की टोपी काढतो. प्रश्न माणसाचा नाही गं. प्रश्न जागेचा आहे. बस."

त्या उठल्या, टेबल, खुर्ची, कपाट असा आधार घेत गेल्या आणि इमारतीची वही घेऊन आल्या. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली ती वही चाळीसहून जास्त वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. कोण कुठल्या घरात आलं, कधी आलं, कधी गेलं, हे त्यात लिहायचं. इतर इमारतींत आता असल्या वह्यांना कुणी विचारत नाही. इथे मात्र दोब्रिनाबाई कारभारीण होत्या, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या बाळाच्या जन्माची नोंदसुद्धा बारशाआधी झालेली असे.

त्यांनी नऊ नंबरच्या घराचं पान काढलं आणि डाव्या हातानं उजवी बाजू झाकून वही नेव्यानापुढे सरकवली.

"वाच. किती माणसं आहेत?"

ओळीत शेवटची नेव्याना होती. सगळ्यात वर दोब्रिनाबाईंचं स्वतःचं नाव होतं, पाय थकल्यावर त्या खाली राहायला आल्या तेव्हाच खोडलेलं. आणि दोघींच्या मध्ये, न खोडलेलं एक नाव होतं. द्यान्को. भाडेकरू.

"दोन," नेव्याना म्हणाली.

"दोन. तू आणि तो. तिसऱ्याला जागा कुठाय?"

द्यान्कोची गोष्ट इमारतीत सगळ्यांना माहीत होती, आणि सगळ्यांना एकसारखीच माहीत होती, कारण ती सांगणारं माणूस एकच होतं. मालवाहू तराफ्यांवर कामाला असलेला हा माणूस तीन वर्षं वरच्या घरात दोब्रिनाबाईंबरोबर राहिला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वहीत त्याला भाडेकरू केला. अडतीस वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत नदीचं पाणी ओसरलं आणि त्याचा तराफा वर, विदिन बंदराच्याही पुढे, वाळूत रुतून बसला. तिथून त्याचं पत्र आलं होतं: रूसेला पाणी दोनशेच्या वर गेलं की मी निघालो असं समज. आणि त्या वर्षी नदी उठलीच नाही. हिवाळाभर तळाशीच राहिली. वसंतात पाणी आलं तोवर तराफ्यावरची माणसं कुठच्या कुठे पांगली होती. गोष्ट इथे संपायची. संपली की दोब्रिनाबाई चहा ओतायला उठायच्या.

"मावशी, गेल्याची तारीख घालून टाका ना. कुठलीही."

"कुठलीही?" बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की नेव्यानानं मान खाली घातली. "तू पाण्याचा आकडा लिहितेस तो कुठलाही लिहितेस?"

"नाही."

"मग. ऐक. ज्या दिवशी पाणी दोनशेच्या वर गेलं, त्या दिवशी तो निघायचा होता, आणि निघाला नाही. त्या दिवसापासून तो गेलेला. तीच तारीख खरी. तुझ्या कचेरीत जुन्या वह्या असतील ना?"

"आहेत."

"मग बघून ये. तारीख आण आणि सही घेऊन जा."

सोमवारी दुपारी कचेरीत नेव्याना एकटीच होती. जुन्या नोंदवह्या मागच्या खोलीत होत्या. त्या खोलीची खिडकी थेट नदीवर उघडते आणि ऊन पाण्यावर पडून छतावर येतं. छत सारखं हलत असतं. तिथे काही वेळ बसलं की माणसाला आपण नावेत आहोत असं वाटायला लागतं. त्या वर्षीची वही तिनं काढली. त्या वेळच्या मोजणीदाराचं अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखं.

पाच ऑक्टोबर, बाई नेहमी सांगत ती पत्राची तारीख. एकशे एकतीस. आता पानामागून पानं उलटत मार्चपर्यंत जायचं, म्हणून तिनं खुर्ची पुढे ओढून घेतली. बारा ऑक्टोबर, एकशे अठ्ठावन्न. पंधरा, एकशे एकोणनव्वद. बोट खाली सरकत होतं. सतरा ऑक्टोबर, दोनशे चार.

बोट तिथेच राहिलं.

अठरा, दोनशे एकतीस. वीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी. सगळा नोव्हेंबर तीनशेच्या वर. डिसेंबर त्याहून जास्त. तिनं वहीचं वर्ष पुन्हा पाहिलं. वर्ष बरोबर होतं. नदी उठली होती. पत्राच्या तारखेनंतर बाराच दिवसांत उठली होती, आणि मग हिवाळाभर भरून वाहिली होती.

छतावर ऊन हलत होतं. कापसाचा एक पुंजका वहीवर उतरला, दोनशे चारवर थोडा थांबला आणि पुढे गेला. नेव्यानाला वरच्या घराची खिडकी दिसली, तिच्याच स्वयंपाकघराची. तिथे तरुण दोब्रिना उभी होती, आणि खालून एकामागून एक तराफे चालले होते. कोळशाचे, लाकडाचे, रिकामे. धुक्यात त्यांचे दिवे तेवढे दिसत होते. एकही थांबत नव्हता. नेव्याना किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. भानावर आली तेव्हा ऊन भिंतीवर उतरलं होतं आणि तिच्या गालावरून पाणी आलं होतं. तिला दोब्रिनाबाईंचं वाईट वाटत होतं, फार वाईट.

संध्याकाळी ती आणि असेन गॅलरीत बसले. लिंबाचं झाड दोघांच्या मध्ये होतं. पलीकडच्या काठावर रोमानियातले दिवे लागायला सुरुवात झाली होती. तिनं सगळं सांगितलं. असेन चेरी खात बिया वाटीत टाकत होता.

"मार्चमधली एखादी सांगून टाक," तो म्हणाला. "कोण बघायला जातंय?"

"मी बघितलंय ना. सव्वीस वर्षांत एक सेंटिमीटर इकडचा तिकडे केला नाही मी."

"मग खरं सांग."

"आणि मग? अडतीस वर्षं ती बाई 'नदी उठली नाही' म्हणत जगलीये. मी जाऊन सांगू, मावशी, नदी उठली होती, तोच उठला नाही?"

असेननं वाटी खाली ठेवली.

"एक सांगतो. मला इथे राहता यावं म्हणून म्हातारीला फसवायचं नाही हं. मी वार्नाला जाईन, पण त्या पायावर इथे राहणार नाही."

"तुझ्या राहण्याचं कोण बोलतंय?" नेव्याना एकदम चिडून म्हणाली. मग तिलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. ती खरंच त्याच्या राहण्याचा विचार करत नव्हती. दुपारपासून एकदाही केला नव्हता.

असेननं हात लांब करून तिच्या केसांतला कापूस काढला. अजून एक काढला. मग तो नादच लागल्यासारखा काढत राहिला, आणि दिवे पाण्यात लांब होत गेले.

बुधवारी ती दोब्रिनाबाईंकडे गेली तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती. बाई मटार सोलत बसल्या होत्या. शेजारी जुना रेडिओ होता, काचेमागे पिवळा दिवा असलेला.

"बस. आधी पाणी होऊ दे."

तीन वाजता पाण्याच्या बातम्या लागल्या. निवेदिका एकेका बंदराचं नाव घेऊन आकडे वाचत होती, विदिन, लोम, स्विश्तोव, झोपाळ्यावर बसून बोलल्यासारखी, एका लयीत. रूसे आलं तेव्हा नेव्यानाला सकाळी आपणच लिहिलेला आकडा ऐकू आला. दोब्रिनाबाईंनी मान हलवली आणि रेडिओ बंद केला.

"सांग."

"नऊ मार्च," नेव्याना म्हणाली.

मटाराची एक शेंग उघडली. दाणे भांड्यात पडल्याचा आवाज आला.

"नऊ मार्च. किती होतं?"

हे तिनं ठरवलं नव्हतं. "दोनशे... दोनशे सहा."

"त्याच्या आधी?"

"आधी नाही गेलं, मावशी. सगळा हिवाळा तळाशीच होतं. तुम्ही म्हणता तसंच."

तिला वाटलं होतं की कान तापतील, चेहरा उतरेल. तसं काहीच झालं नाही. उलट सगळं फार हलकं वाटलं, बाहेर उडणाऱ्या कापसासारखं, आणि त्यामुळेच ती घाबरली. दोब्रिनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पुढची शेंग उचलली.

"बरं. शनिवारी घेऊन ये तुझ्या माणसाला. सकाळी ये. दुपारी मी झोपते."

शनिवारी असेन एक सूटकेस घेऊन आला. ट्रॉलीबसमधले त्याचे दोन दोस्त त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आले होते आणि तिथूनच "घरजावई! अहो घरजावई!" म्हणून ओरडत होते. इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. असेननं टोपी काढून तिन्ही खिडक्यांना नमस्कार केला.

तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या दारासमोर दोब्रिनाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या दोन वर्षांत वर आल्या नव्हत्या. कशा चढल्या, किती वेळ लागला, कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मांडीवर हिरवी वही होती. उंबऱ्यावर काठोकाठ भरलेली तांब्याची कळशी होती, आणि पाण्यावर जिरेनियमचं लाल फूल.

"ये जावईबापू. खरं म्हणजे नवरी घरात शिरताना कळशी लवंडते. इथे नवरी आधीच आत बसलीये, वर्षानुवर्षं. तेव्हा लाथ तुलाच मारायला लागणार."

"मावशी, जिना ओला होईल," असेन म्हणाला.

"होऊ दे. पुसायची पाळी तुझीच आहे आजपासून."

असेननं सूटकेस खाली ठेवली, नेव्यानाकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकानं कळशी लवंडली. पाणी उंबऱ्यावरून निसटलं, बाईंच्या खुर्चीखालून गेलं आणि एकेक पायरी उतरत चाललं. फूल थोडं पुढे जाऊन कठड्याला अडलं. पाण्याचा आवाज पार खालपर्यंत पोचला.

"हं. आता सही," दोब्रिनाबाई म्हणाल्या. करारावर सही त्यांनी घरूनच करून आणली होती. तो कागद त्यांनी नेव्यानाच्या हातात दिला आणि मांडीवरची वही उघडली. या वेळी त्यांनी पानावर हात ठेवला नाही.

नेव्यानानं वाकून पाहिलं. द्यान्कोच्या नावावर शाईची सरळ रेघ होती, ताजी. उजवीकडे, गेल्याच्या रकान्यात, तारीखही शाईची होती. सतरा ऑक्टोबर. पण शाईच्या कडेनं, अगदी बारकाईनं पाहिलं तर, पेन्सिलीचा करडा रंग दिसत होता. तीच तारीख, त्याच वळणाची, कागदात मुरलेली. शाई तिच्यावरून गिरवत गेली होती.

नेव्यानानं बोटानं ती तारीख चाचपली. रोज तीन वाजता रेडिओ लावणारी बाई. तेव्हाही लावत असणार. सतरा तारखेलाही तिनं लावला असणार, आणि अठराला, आणि सगळा हिवाळा.

"मावशी..."

"पेन्सिल पुसट व्हायला लागली होती," दोब्रिनाबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, ते दातात धरलं, मग हातात घेतलं. "माझ्यासाठी म्हणून कुणी खोटं बोललेलं ऐकायला बरं वाटलं गं. फार वर्षांनी. दोनशे सहा म्हणे!"

असेनला काही कळलं नाही, किंवा कळलं असेल. तो खाली बसून रुमालानं पाणी टिपायला लागला.

बाईंनी नवीन ओळीवर असेनचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. नात्याच्या रकान्याशी त्या थांबल्या, 'भाडेकरू' असं लिहायला पेन पुढे नेलं आणि मागे घेतलं. तो रकाना त्यांनी मोकळाच ठेवला. आल्याची तारीख घातली. मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"आज पाणी किती?"

"दोनशे एकोणऐंशी."

"खरं?"

"खरं, मावशी."

दोब्रिनाबाईंनी तारखेच्या शेजारी, जिथे काहीही लिहायची जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात दोनशे एकोणऐंशी लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही उघडीच ठेवली.